पांढरा अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत बसतो

स्केल मॉडेल करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: ‘पांढरा अ‍ॅक्रिलिक (पाण्यात मिसळणारा रंग) एअरब्रशने, म्हणजे हवेच्या जोरावर रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने, खरखरीतच बसतो. फार तर पाण्याने पातळ करा, प्रेशर वाढवा, एका दमात झाकून टाका. नाहीतर सरळ लॅकर, म्हणजे उग्र सॉल्व्हंटमधला रंग, घ्या.’ हे ऐकून नवखी मंडळी पांढऱ्या विमानांच्या वाटेलाच जात नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

खरखरीतपणा रंगाचा नसतो. पांढऱ्यातलं रंगद्रव्य, टायटॅनियम डायऑक्साइड, मायक्रॉनच्या साधारण पाव भागाएवढं बारीक असतं. बोटाला ते जाणवणारच नाही. बोटाला लागतात ते हवेतच सुकलेले थेंब, नाहीतर साक्याच्या गुठळ्या. हे रंगद्रव्य पाण्याच्या चौपट जड असल्याने तळाशी बसतं. बाटली नुसती हलवून भागत नाही. काडीने तळ खरवडा, ढवळा, गाळून एअरब्रशच्या कपात ओता.

प्रेशर वाढवणं तर उफराटंच. जोराच्या हवेने थेंब आणखी बारीक होतात, वाटेतच सुकतात आणि मॉडेलवर भुकटी पोचते. नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. मी हवेचा दाब १५ पीएसआयच्या आसपास ठेवतो, एअरब्रश मॉडेलपासून पाच-सहा सेंटिमीटरवर, कपात रिटार्डरचे (रंग सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब. रंग पडल्यावर क्षणभर ओला चमकला पाहिजे. एअरब्रशच्या सुईच्या टोकाला सुकल्या रंगाचं बोंड धरतं, तिथूनच शिंतोडे उडतात. थिनरमध्ये बुडवलेल्या कापूसकाडीने ते अधूनमधून टिपून घ्या.

नुसतं पाणी प्लास्टिकवर पसरत नाही, थेंब गोळा होतात. ज्या कंपनीचा रंग, तिचंच थिनर वापरा. तामिया कंपनीचं एक्स-२०ए थिनर अल्कोहोलवालं आहे. वायेहो या दुसऱ्या कंपनीच्या रंगात ते घातलं तर रंग फाटू शकतो.

लॅकर छान बसतो, मान्य. पण त्याच्या वाफांसाठी मास्क आणि एक्झॉस्ट हवाच, आणि दोन खोल्यांच्या घरात ते सगळ्यांना जमत नाही.

खरं नुकसान होतं ‘एका दमात झाका’ने. अमेरिकन नौदलाने १९५५ पासून विमानांना वर फिकट राखाडी आणि खाली चकचकीत पांढरा दिला. त्या रंगातल्या फँटम या लढाऊ विमानाच्या मॉडेलच्या पोटावर जाड कोट मारलात, की पॅनेल लाइन (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषा) बुजतात आणि कडांना ओघळ येतात. रंगाखाली राखाडी किंवा पांढरा प्रायमर, म्हणजे अस्तराचा थर, असू द्या. पहिला कोट ढगाळ, विरळ दिसेल. तो तसाच दिसायला हवा. घाबरून त्यावर लगेच फवारू नका. सुकू द्या, मग दुसरा, तिसरा. चौथ्या-पाचव्याला पांढरा भरतो. शेवटच्या कोटात थिनर थोडं वाढवा, म्हणजे रंग आपोआप सपाट होतो.