ओला पुठ्ठा

ओला पुठ्ठा म्हणजे काय, त्याचा वास कसा असतो आणि तो कशामुळे येतो, हे गेल्या महिन्यात मला एका निवृत्त दंतवैद्यानं समजावून सांगितलं. मला! अप्पा बळवंत चौकात चौतीस वर्षं वह्या, कागद आणि पुठ्ठ्याचा धंदा केलेल्या माणसाला. माझ्या तळघरातल्या गोदामात दर जुलैत घोटाभर पाणी शिरतं. कुलूप काढायच्या आधी, दाराच्या फटीला नाक लावून मी सांगू शकतो की खालची खोकी भिजलीत की दोनशे पानी वह्यांचे गठ्ठे. या विषयात माझ्यापुढे बोलू शकेल असा माणूस निदान फ्रान्समध्ये नसावा, अशी माझी समजूत होती.

तिथं गेलो कसा, ते लवकर सांगून टाकतो. मुलगी तुलूझला नोकरीला असते. माझी साठी झाली. माझं म्हणणं होतं की साठीशांत करू, घरच्या घरी चाळीस पानं उठतील, संपलं. तिनं परस्पर आम्हा दोघांसाठी बोर्डोच्या नद्यांमधली आठ दिवसांची वाइन-सफर ठरवून टाकली. "बाबा, जन्मभर दुकानात बसलात, आता जरा हिंडा." हिंडणं म्हणजे काय, तर बोटीत बसायचं, बोटीतून उतरून बसमध्ये बसायचं, बसमधून उतरून कुणाच्या तरी तळघरात स्टुलावर बसायचं आणि ग्लासात नाक खुपसायचं. दुकानात निदान अधूनमधून शिडीवर तरी चढतो.

नदीबद्दलही माझ्या काही अपेक्षा होत्या. गारोनचं पाणी दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं निघालं. समुद्राची भरती थेट बोर्डोच्या वर चढत येते आणि गाळ ढवळून काढते, त्यामुळे बोट कधी सुटणार हे कॅप्टन नव्हे, भरती-ओहोटी ठरवते. खाली गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या मिळून जिरोंदची प्रचंड खाडी होते. हिचं माहेर कऱ्हाडचं. दोन नद्या भेटताना दिसल्या की कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आठवून हिचे हात आपोआप जोडले जातात. डेकवर उभं राहून हिनं नमस्कार केला आणि पर्समधून नाणं काढून पाण्यात टाकलं. एक युरोचं होतं. मी मनात गुणाकार केला आणि गप्प बसलो.

आता दंतवैद्य. हा इंग्लंडातल्या ब्रिस्टलचा. सहा फूट उंच, अंगात वांगी रंगाचं जाकीट, आणि नाक असं की माणूस वळला की आधी नाक वळायचं आणि मग बाकीचा ऐवज मागून यायचा. पहिल्याच दिवशी हिनं त्याचं नाव ठेवलं नाकाडे. पुढं आमचं त्याच्याबद्दल सगळं बोलणं त्याच्या देखत, मराठीत, याच नावानं चालायचं, आणि नाव घेतलं की तो हसून मान डोलवायचा. त्याचा स्वतःचा ग्लास होता. बोटीवर शेकड्यांनी ग्लास असताना हा माणूस आपला ग्लास मखमली पेटीतून आणायचा, दिव्यासमोर धरायचा, खिशातल्या रुमालानं पुसायचा. आमच्याकडे सतारवाले खोळ काढायला इतका वेळ घेतात. बरोबर त्याची बायको असायची. ती काही बोलायची नाही, नुसतं विणायची.

नाकाडेनं मला पहिल्या जेवणालाच सांगितलं, "हा सगळा मुलूख तीनशे वर्षं आमचा होता, ठाऊक आहे?" खोटं नव्हतं. ११५२ साली इथली एलिनॉर इंग्लंडच्या भावी राजाशी लग्न करून गेली आणि अख्खा प्रांत जवळजवळ आंदणातच गेला. तो १४५३ साली कास्तियोंच्या लढाईत सुटला. तरी सांगतानाचा त्याचा सूर असा होता, की भाडेकरूनं घर बळकावलंय आणि आपण मूळ मालक. मी म्हटलं, "आमचा पण होता. म्हणजे, तुमच्याकडे." तो "अगदी, अगदी" म्हणाला आणि पावावर लोणी लावू लागला.

पण नाकाडेचं खरं रूप वास घेताना दिसायचं. ग्लास तिरका करायचा, तीनदा फिरवायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे. मग लांबवर गेलेल्या आवाजात यादी सुरू. काळं मनुका. देवदार. सिगारची पेटी. पेन्सिल तासल्यावर पडतात ती टरफलं. शिसं. जुनं चामडं. एकदा तर त्यानं "ग्रंथालय" असं म्हटलं. आजूबाजूचे लोक वह्यांत उतरवून घ्यायचे, आणि त्या वह्यांचा कागद साठ जीएसएमच्या आतला होता, शाई मागे फुटत होती, हे फक्त मला दिसत होतं. मी हिला हळूच सांगितलं, "हा जे जे म्हणतोय ते सगळं आपल्या दुकानात आहे. पेन्सिली, शिसं, जुनी बाइंडिंगं."

"मग इतक्या लांब कशाला आलो?" ही म्हणाली.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

थुंकण्याचं एक सांगायचं राहिलं. वाइन चाखायची, तोंडात खळखळवायची आणि समोरच्या भांड्यात थुंकायची, अशी तिथली रीत. आम्हाला शाळेपासून भिंती भिंतींवर 'थुंकू नका' वाचायची सवय. मी प्रत्येक वेळी गिळली. नाकाडे मात्र हातभर लांबून, एक थेंब न सांडता, बारीक धार सोडायचा. तंबाखू खाणाऱ्यांत एवढी नेमबाजी मी फक्त आमच्या हमालांच्या मुकादमाकडे पाहिलीय, आणि त्याला यासाठी कुणी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कादियाकवरून नदीपलीकडच्या सोतेर्नला नेलं. तिथं द्राक्षांवर मुद्दाम बुरशी येऊ देतात. सिरों नावाच्या लहान नदीचं गार पाणी गारोनच्या उबदार पाण्याला मिळतं, शरदात सकाळी धुकं पडतं, आणि त्या धुक्यात बोट्रायटिस नावाची बुरशी द्राक्षांवर चढते. द्राक्षं सुकतात, साखर दाटते, मग मजूर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून एकेक सडका मणी वेचतात. या बुरशीला ते उदात्त बुरशी म्हणतात. शातो दिकेम या तिथल्या नावाजलेल्या मळ्यात एका वेलीपासून जेमतेम एक ग्लास वाइन होते म्हणे. आमच्या गोदामात बुरशी आली की विम्यावाला फोटो काढून नेतो आणि परत फोन करत नाही. बुरशीतसुद्धा कुळ बघतात हे मला तिथं कळलं. वाइन मात्र चांगली होती हो. गुळाच्या पाकात संत्र्याची साल टाकल्यासारखी. तीन वेळा गिळली.

तर, ती संध्याकाळ. बोट पोयाकला धक्क्याला लागलेली. हे गाव म्हणजे या लोकांची काशी. १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी भावाप्रमाणे वाइनची पाच इयत्तांची यादी केली, तीच आजही चालू आहे. मधे मोठा बदल एकच, १९७३ साली मूतों रोथशिल्ड या वाइनला दुसरीतून पहिलीत घेतलं. आमच्याकडे दहावीचे मार्क लग्नाच्या बोलण्यांपर्यंत पुरतात, यांचे पावणेदोनशे वर्षं पुरत आलेत. पहिल्या इयत्तेतल्या पाचांपैकी तीन याच गावचे. आम्हाला अर्थात त्यातली मिळणार नव्हती. मिळाली ती कुठली तरी शेजारची, पण बऱ्यापैकी जुनी. सोमेलिए, म्हणजे वाइन वाढणारा तज्ज्ञ, जेमतेम तिशीचा. कोटावर सोनेरी द्राक्षांचा घोस लावलेला. त्यानं आमच्या टेबलावरच्या चौघांना एकाच बाटलीतून ओतली.

मी ग्लास नाकाशी नेला आणि थेट माझ्या तळघरात उतरलो. जुलैचा तिसरा आठवडा. उजवीकडची भिंत. तळाची खोकी.

मराठीत याला नेमका शब्द आहे: कुबट. खवट वेगळं, आंबूस वेगळं, करपट वेगळं, कोंदट वेगळं. कुबट म्हणजे ओल धरून बंद राहिलेल्या वस्तूचा वास, त्यात गफलत नाही. पण कुबटचं इंग्रजी ऐन वेळी आठवेना. मी म्हटलं, "वेट कार्डबोर्ड."

सोमेलिएनं माझा ग्लास उचलला नाही. नाकाशीही नेला नाही. तो हसला. लहान मुलानं पाहुण्यांसमोर चुकीचा पाढा म्हटल्यावर हसतात, तसं. "मस्यु, डाव्या काठाच्या वाइनमध्ये काबर्ने जातीची द्राक्षं जास्त असतात. सवय नसेल तर पहिल्यांदा अवघड वाटते. शिवाय तुमच्या जेवणात मसाले तिखट असतात ना? जिभेवर परिणाम होतो." मी नाकाबद्दल बोलत होतो, तो जिभेवर गेला. आणि मसाल्याचं म्हणाल, तर मी आयुष्यभर गोडं वरण खाल्लेला माणूस आहे. हे इंग्रजीत सांगायला वेळ लागतो. तेवढ्यात नाकाडेनं डोळे मिटले होते.

"पाऊस पडून गेल्यावरचं जंगल," तो म्हणाला. "ओला पाचोळा. अप्रतिम."

सगळ्यांनी लिहून घेतलं.

मी हिच्याकडे बघितलं. हिनं वास घेतला आणि मराठीत म्हणाली, "अहो, ट्रंक." बरोबर. माळ्यावरची ट्रंक. पण आमच्या घरातली दोन माणसं म्हणजे त्या टेबलावर शून्य माणसं. नाकाडे दुसरा घोट घेऊन चामड्यापर्यंत पोचला. आणि मग, आठ दिवसांत प्रथमच, त्याच्या बायकोनं सुया खाली ठेवल्या, त्याचा ग्लास स्वतःकडे ओढला, हुंगला, परत त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "बुचाची आहे, डार्लिंग." म्हणजे, बुचामुळे बिघडलेली. लगेच विणायला लागली.

नाकाडे क्षणभर गप्प. मग एखाद्या नटानं वाक्य विसरून पुढचं पकडावं तसं त्यानं हात वर करून सोमेलिएला बोलावलं. "मित्रा, मला सुरुवातीपासून शंका येत होती. ही बुचाची आहे."

आता सोमेलिएनं ग्लास उचलला. वास घेतला. चेहरा पडला. मान झुकवली. "मस्यु, क्षमा. काय नाक आहे तुमचं!" बाटली गेली, नवी आली, नवे ग्लास आले. पहिला नाकाडेला.

इथवर मी सोसलं. पण मग नाकाडे माझ्याकडे वळला. आधी नाक, मग बाकीचा. "तुम्हाला सांगतो," तो अगदी मायेनं म्हणाला, "बुचात बुरशी असते, तिचा क्लोरीनशी संबंध आला की टीसीए नावाचं एक रसायन तयार होतं. १९८१ साली ते सापडलं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी वास येतो. आणि तो वास कसा, माहीत आहे?" तो थांबला. बोटं चोळून मला ती कल्पना हवेत उभी करून दाखवू लागला. "कल्पना करा, एक पुठ्ठ्याचं खोकं. कागदाचं, जाडसर. ते भिजलंय..."

त्यानं मला खोक्याचं माप दाखवलं. दोन्ही हातांनी.

मी म्हटलं, "माझा पुठ्ठ्याचाच धंदा आहे."

"असं?" नाकाडे म्हणाला. "मग फारच ड्राय धंदा असणार!" आणि स्वतःच्या विनोदावर इतका हसला की नव्या वाइनचे दोन थेंब माझ्या बाहीवर उडाले. नेम चुकला तो एवढाच. शर्ट पांढरा होता. डाग गेला नाही, हिनं मीठ, लिंबू, सगळं करून पाहिलं.

रात्रीच्या जेवणाला माईकवरून 'आजचं नाक' म्हणून नाकाडेचं नाव पुकारलं आणि त्याला लाकडी मुठीचा बूचपाना दिला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. काय करणार, माझ्याच टेबलावर होता. बोर्डिंग पासपासून चादरीपर्यंत जिथं तिथं 'प्रिय पाहुणे' म्हणून स्वागत करणाऱ्या बोटीवर पाहुण्याचं नाक मात्र त्याचा पासपोर्ट बघून हुंगतात, हे मला आजही खटकतं. लाख-दोन लाखांचा मामला होता, आणि तो मुलीनं भरला होता, म्हणून अजून जास्त.

उतरताना अभिप्रायाचा फॉर्म दिला. वाइनसाठी दोनच ओळी होत्या. मजकूर मावेना, म्हणून खालच्या 'खोली' या रकान्यात उतरलो आणि इंग्रजीत स्वच्छ लिहिलं, की ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास येत होता, मी तुमच्या माणसाला वेळेवर सांगितलं, त्यानं दुर्लक्ष केलं, नंतर दुसऱ्या गृहस्थांनी सांगितल्यावर लगेच दखल घेतली. खाली सही, तारीख, दुकानाचा शिक्का.

काल उत्तर आलं. आपल्या खोलीत ओल असल्याबद्दल कंपनीला अत्यंत खेद आहे, कारागीर पाठवून भिंत तपासली आहे, आणि पुढच्या सफरीत आपल्याला वरच्या डेकवरची, कोरडी खोली देण्याचा प्रयत्न केला जाईल.

मी हिला वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती.

"वरची देतायत?" ही म्हणाली. "कधीपर्यंत, ते विचारा."