जुना रेझर ॲसिडात बुडवू नका : फिरणाऱ्या एका ‘घरगुती उपाया’चा प्रतिवाद

‘आजोबांचा रेझर एका रात्रीत नवा’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या नाशिकमधील अनेक घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आहे. संडास साफ करायचे ॲसिड आणि कपड्यांचे ब्लीच सारख्या प्रमाणात एकत्र करून त्यात रेझर रात्रभर बुडवावा, सकाळी लिंबू आणि भांडी घासायच्या पावडरीने ‘आतले पिवळे पितळ चमकेपर्यंत’ घासावा, ब्लेडखालच्या कडेचे वाकडे दाते हातोडीने ठोकून पॉलिश पेपरने सरळ करावेत, शेवटी उकळत्या पाण्यात टाकावा आणि खालच्या प्लेटवरील अक्षर वाचून सोन्याचा कस ओळखावा, असे त्यात सांगितले आहे; असा रेझर लाखो रुपयांना विकला जातो, असाही त्यात दावा आहे. पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मावशीने हा मजकूर वाचून काकांचा जुना रेझर बाहेर काढला होता आणि दोन्ही बाटल्याही आणून ठेवल्या होत्या. तिने आधी फोन करून विचारले म्हणून पुढचा अनर्थ टळला. न विचारणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

सर्वांत आधी ॲसिड आणि ब्लीच. हा सल्ला निव्वळ चुकीचा नाही, तो जीवघेणा आहे. संडासच्या ॲसिडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात 1915 साली बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर सैनिकांविरुद्ध वापरला गेला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो, आणि फ्लॅटमधल्या लहानशा न्हाणीघरात, जेथे एक छोटी झडपांची खिडकी एवढीच वाट असते, तेथे वाटीभर मिश्रणही डोळे, घसा आणि फुप्फुसे भाजून काढू शकते. घरात दम्याचा रुग्ण किंवा रांगते मूल असेल तर काय होईल, हे सांगायला हवे का? कोणी हे मिश्रण केलेच असेल तर त्यावर वाकून पाहू नये, ओतून टाकण्याच्या खटपटीतही पडू नये. सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत जावे, वाटेत सहज उघडता येतील ती दारे-खिडक्या उघडावीत, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठावा. ज्याने हा मजकूर पहिल्यांदा लिहिला, त्याने बाटलीमागची सूचनासुद्धा वाचलेली नाही. ती दुसऱ्या कोणत्याही क्लीनरबरोबर मिसळू नका असेच सांगते.

‘मग नुसते ॲसिड चालेल ना?’ असे मावशीने लगेच विचारले. चालणार नाही. जुने सेफ्टी रेझर (दोन प्लेटांमध्ये सुटे पातळ ब्लेड बसवायचे) बहुतांशी पितळेचे असतात आणि त्यांवर निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा असतो, ज्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. बिनकल्हईच्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. ताकाच्या आंबटपणाने जे होते, ते हायड्रोक्लोरिक ॲसिडने किती पटींनी होईल याचा विचार करावा. मुलाम्यातील बारीक छिद्रांतून ॲसिड आत शिरते, पितळेतील जस्त आधी विरघळवते, तेथे तांबूस डाग उमटतात आणि वरचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटू लागतो. ‘आतले पितळ चमकेपर्यंत घासा’ हा सल्ला तर मुलामा पुरता घालवण्याचाच आहे. भांडी घासायची पावडर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी उत्तम आहे. रेझरच्या पृष्ठभागावर मात्र पितळ नसते, ते खाली असते आणि तेथेच राहायला हवे.

हातोडी आणि पॉलिश पेपरचा मुद्दा खोडण्यासाठी एकच दस्तऐवज पुरेसा आहे. जिलेट कंपनीचे संस्थापक किंग कॅम्प जिलेट यांनी 1901 साली केलेल्या अर्जावर 15 नोव्हेंबर 1904 रोजी अमेरिकेत 775134 क्रमांकाचे पेटंट दिले गेले. त्यातील पहिलाच दावा अशा ब्लेडचा आहे, जे इतके पातळ आणि लवचिक असते की त्याच्या धारेला ताठपणा येण्यासाठी बाहेरून आधार द्यावा लागतो. याचा अर्थ असा की हे ब्लेड स्वतःच्या बळावर दाढी करूच शकत नाही. वरची आणि खालची प्लेट त्याला दाबून, किंचित वाकवून धरतात तेव्हाच ते कापते, आणि म्हणून त्या दोन प्लेटांचा आकार हाच खरा रेझर आहे. त्यावर हातोडी चालवली किंवा एक कड घासून कमी केली, तर एका बाजूने केस कापले जाणार नाहीत आणि दुसऱ्या बाजूने कातडी कापली जाईल. ब्लेड बसवून, दांडा आवळून रेझर उजेडाकडे धरावा: धार आणि दाते यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना टोकापासून टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. शिवाय पितळ थंड असताना ठोकले की कडक आणि ठिसूळ होते, हे जुन्या नाशकातील तांबट लेनमधला कोणताही कारागीर सांगेल. दाता सरळ होण्याऐवजी मोडून हातात येण्याचीच शक्यता अधिक.

उकळत्या पाण्याच्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, हे मान्य करावे लागते, कारण साबणाचा चिवट थर सुटायला ऊब लागतेच. पण त्यासाठी पाणी कोमट पुरते. काही सोनेरी रेझरवर मुलाम्याच्या रक्षणासाठी पारदर्शक लॅकर (वार्निशसारखा थर) दिलेले असते आणि ते उकळत्या पाण्याने सोलून निघते. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे थोडे थेंब टाकून रेझर सुटा करून अर्धा तास ठेवावा आणि मऊ, जुन्या टूथब्रशने दात्यांच्या खोबणी, दांड्याचे आटे, प्लेटची मागची बाजू घासावी. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार त्यानेही जात नसेल, तर भरपूर पाणी घातलेले व्हिनेगर कापसाने फक्त त्या जागी मिनिटभर लावून लगेच धुवावे. लिंबाच्या आंबटपणाचा उपयोग असलाच तर तो एवढाच. नंतर रेझर पूर्ण कोरडा करून सत्तर टक्के अल्कोहोलने पुसावा आणि ब्लेड नवे घालावे. दुसऱ्याने वापरलेल्या रेझरची धास्ती अनेकांना वाटते. तिच्यावर उपाय हा आहे, ब्लीच नव्हे.

अक्षरावरून सोन्याचा कस ओळखण्याची गोष्ट निखालस खोटी आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत बनलेल्या जिलेट रेझरवरील अक्षर वर्षाचे आणि आकडा तिमाहीचा असतो; ‘ई 2’ म्हणजे 1959 सालची दुसरी तिमाही. रेझर लाखो रुपयांना विकला जातो, हेही तसेच. पहिल्या महायुद्धात एकट्या अमेरिकी सैन्यासाठी सुमारे 35 लाख रेझर मागवले गेले होते, तेव्हा केवळ जुना म्हणून एखादा रेझर दुर्मीळ ठरत नाही.

मुलामा आधीच गेला असेल तर घरी काहीही करू नये. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत निकेल प्लेटिंग करून मिळेल का, याची चौकशी करावी, आणि रेझर देताना दोन गोष्टी बजावून सांगाव्यात: बफिंगचे (घासून चमक आणायचे) चाक कोरलेल्या अक्षरांवर आणि दात्यांच्या कडांवर फिरवू नये, आणि दांड्याच्या आट्यांमध्ये प्लेटिंगचा जाड थर बसू देऊ नये, नाहीतर दांडा पुन्हा आवळला जाणार नाही.