रेट बोला ना, मॅडम

आज सकाळी एका मोठ्या हॉटेलच्या खरेदी विभागातून फोन आला आणि तेव्हापासून तापलेले डोके अजून थंड झालेले नाही, म्हणून लिहायला बसले आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे रानभाज्यांचा महोत्सव आहे, मेनू छापून झाला आहे, त्यात शेवळाचे तीन पदार्थ आहेत, तेव्हा रोज पंधरा किलो याप्रमाणे पाच दिवस शेवळे पाठवावीत, असे त्या गृहस्थांनी टोमॅटो सांगावेत इतक्या सहजपणे सांगितले. शेवळे जूनमध्येच संपली, असे मी म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "रेट बोला ना, मॅडम."

रेट कोणाला बोलायचा? शेवळ हे सुरणाच्या रानटी भाऊबंदाचे फूल आहे. मेच्या अखेरीस वळवाच्या सरी पडल्या की जमिनीतल्या कंदातून आधी ते वर येते, जूनमध्ये तीन-चार आठवडे मिळते, आणि पाऊस धरला की त्याच कंदाला पान फुटते. ऑगस्टमध्ये त्या जागी छत्रीसारखे पान उभे असते. त्या पानाला किलोमागे हजार रुपये दाखवले म्हणून ते काही परत फूल होणार नाही.

तुम्हा सगळ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. जुलैत कोणी हापूसची पेटी आणून दिली तर तुम्ही आधी संशयाने वास घ्याल. पण ज्यांच्या हाती स्वयंपाकघराची खरेदी आहे त्यांना मात्र हे दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

मी मोठ्या तोंडाने बोलते आहे खरी, पण पहिल्या वर्षी मीही याच गृहस्थांसारखी होते. तेव्हा नुकतीच हॉटेलांना भाजी पुरवू लागले होते आणि एका शेफने शेवळाच्या साठ जुड्या मागितल्या होत्या. पहाटे पनवेलला गेले. तिथे बसणाऱ्या एका कातकरी मावशींकडून सगळ्या जुड्या उचलल्या. त्यांनी विचारले, "काकडं नको का, ताई?" त्यांच्यापुढे आवळ्यासारख्या हिरव्या लहान फळांचे वाटे मांडलेले होते. मला वाटले, बाई आपला उरलेला माल गळ्यात मारते आहे. ऑर्डरमध्ये काकडे लिहिलेले नव्हते, म्हणून मी नको म्हणाले.

संध्याकाळी सहाला शेफचा फोन आला. भाजीची चव पाहणारे तिघे आचारी घसा धरून दही खात बसले होते आणि साठ जुड्यांची भाजी कचऱ्यात गेली होती. "तुम्ही आम्हाला नेमके काय विकलेत?" असे त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी काय विकले होते ते मलाच ठाऊक नव्हते.

शेवळाला खाज असते, आणि काकडाचा आंबट-तुरट रस ती खाज मारतो. आमच्या सीकेपी शेजारीणबाई सोडे घालून शेवळे करतात, त्यांना हे आईच्या हाताखाली कळले होते. मला ते तीन आचाऱ्यांच्या घशावरून कळले. गंमत अशी की काकडाची फळेही नेमकी त्याच दिवसांत धरतात. मग मला सांगा, शीतगृहात शेवळे ठेवलीच, तर ऑगस्टमध्ये काकडे कुठून आणायचे? चिंच आणि आमसूल चालतात, हे मान्य. पण ते चालवून घेणे झाले.

आता कोणी म्हणेल की बँक्वेटचे बुकिंग तीन-तीन महिने आधी होते आणि मेनू आधी ठरवावाच लागतो. ठीक आहे, त्यांचीही अडचण असते. काही घरांत शेवळे शिजवून फ्रीजरमध्ये ठेवतात, ती मी खाल्ली आहेत आणि वाईट नसतात, हेही कबूल. जुलैत गोठवलेला मटार तर मीच विकते. पण मटाराच्या पाकिटावर मी 'आज पहाटे शेतातून' असे छापत नाही, आणि यांच्या मेनूकार्डावर मात्र 'रानातून थेट तुमच्या ताटात' असे छापलेले आहे. त्याचा फोटो त्यांनीच मला मोठ्या कौतुकाने पाठवला.

महोत्सव ऑगस्टमध्येच का, तर कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास भरतात आणि ती तारीख यांनी उचलली. तारखेविषयी माझी काहीच तक्रार नाही. त्या दिवसांत करटुली भरपूर असतात, बांबूचे कोंब असतात. एक फोन जूनमध्ये केला असता तर मीच यादी करून दिली असती, आणि टाकळा, फोडशी ही मंडळी पावसाच्या सुरुवातीलाच कोवळी असताना घ्यायची असतात, हेही सांगितले असते. परंतु आधी मेनू छापायचा आणि मग माल शोधायचा, हा क्रम यांच्या डोक्यात इतका पक्का बसला आहे की नोव्हेंबरात आफ्रिकेतल्या मलावीचा आंबा वाशीच्या बाजारात उतरला की यांच्या आमरसाच्या पाटीवर नुसते 'हापूस' लिहिले जाते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते काय शोभेसाठी?

त्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. मी पहाटे पुन्हा पनवेलला गेले, खरे तर भांडायलाच गेले होते. मावशींनी सगळे ऐकून घेतले आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारच्या दोघीही हसायला लागल्या. मग एक जुडी सोडून त्यांनी मला शेवळ सोलून दाखवले: वरचे आवरण काढले, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग नखाने खुडून फेकला, आणि उरलेले चिरायचे, म्हणाल्या. शेवटी दोन मुठी काकडे माझ्या पिशवीत टाकली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. मी आदल्या दिवशी त्यांच्याशी साठ जुड्यांसाठी घासाघीस केली होती, ते आठवून अजूनही कानकोंडे होते.

आणि अशा बाईंचे पैसे हॉटेलवाले साठ दिवसांनी देतात. म्हणजे माझे देतात. मावशींना रोख मीच मोजते, कारण त्यांना बिल, व्हेंडर कोड आणि उधारी यांतले काहीही सांगून चालत नाही. शेवळाचा अख्खा हंगाम उरकून पान फुटते, तरी शेवळाचा चेक आलेला नसतो.

दुपारी त्या गृहस्थांना करटुलीची आणि कोंबांची यादी पाठवली. तासाभराने उत्तर आले की शेफशी बोलतो, पण मेनू बदलता येणार नाही, तेव्हा शेवळांच्या जागी 'तसेच दिसणारे काही' मिळेल का. मी नाही म्हणून कळवले आहे. कोणी ना कोणी देईलच, वाटणात काय कळते!

उद्या पहाटे मी करटुली आणायला पनवेलला जाते आहे. ज्यांना हवी असतील त्यांनी रात्री दहापर्यंत कळवावे. कोवळी मिळाली तरच आणीन, आणि पैसे रोख.