स्टिलवेलचा मान राखायला चिनी सैनिकाला भित्रा ठरवू नका

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने चीनमध्ये पाठवलेल्या जनरल जोसेफ स्टिलवेलबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय. थोडक्यात असा: चिनी सैन्य जपान्यांशी लढलंच नाही, चीनचा प्रमुख चँग कै-शेकने अमेरिकेची शस्त्रं दडवून ठेवली, एकटा स्टिलवेल लढला आणि खरं बोलला म्हणून चँगने त्याला घालवलं. स्टिलवेलबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही.

‘लढलंच नाही’? स्टिलवेल मार्च 1942 मध्ये चीनच्या युद्धकाळातल्या राजधानीत, चुंगकिंगला पोचला, तेव्हा चीनला युद्धात उतरून साडेचार वर्षं उलटली होती. शांघाय, नानकिंग, वुहान हातचं गेलं होतं. त्याच महिन्यात बर्मातल्या टांगूला दाई आनलानच्या 200व्या डिव्हिजनने जपान्यांना दहाबारा दिवस थोपवलं. माघारीत दाई जखमी झाला आणि मे महिन्यात वारला. येनानजाउंगच्या तेलविहिरींपाशी अडकलेल्या ब्रिटिशांना सोडवलं तेही सुन ली-जेनच्या चिनी डिव्हिजननेच.

शस्त्रं दडवली म्हणतात, पण येत होती किती? एप्रिल 1942 अखेर बर्मातलं लाशिओ पडलं, तिथून चीनला रसद नेणारा बर्मा रोड तुटला. उरली आसामातून डोंगरांवरून जाणारी विमानं. 1943 आणि 1944 मध्ये अमेरिका मित्रदेशांना देत असलेल्या लेंड-लीज युद्धमदतीतला टक्काभरही चीनच्या वाट्याला आला नाही. चँगने कम्युनिस्टांना रोखायला वायव्येत मोठं सैन्य अडकवलं होतं हे खरं, आणि त्यावरचा स्टिलवेलचा संताप रास्त होता. पण 1944 च्या उन्हाळ्यात चीनमधलं हेंगयांग शहर चिनी 10व्या आर्मीने 47 दिवस लढवलं. त्या आघाडीला शस्त्रं पाठवा, अशी मागणी खुद्द अमेरिकी जनरल चेनॉल्ट करत होता. नकार दिला तो स्टिलवेलने. त्याचं सगळं लक्ष बर्मावर होतं. माझ्या मते ही त्याची सर्वांत मोठी चूक, आणि त्या मजकुरात तिचा उल्लेखसुद्धा नाही.

‘एकटा’ हा शब्द तर त्यालाच आवडला नसता. बर्मातून तो शंभरावर माणसांना घेऊन इंफाळपर्यंत पायी आला आणि दिल्लीत पत्रकारांना सरळ सांगितलं की आपण सडकून मार खाल्ला. मग तेव्हा बिहारात असलेल्या रामगढला त्याने चिनी सैनिकांची छावणी उभी केली. पगाराची रक्कम एकगठ्ठा अधिकाऱ्यांच्या हातात द्यायची नाही, ती एकेका शिपायाच्या हातावर ठेवायची, यावर तो अडून बसला. पोटभर जेवण, लशी, नव्या रायफली. त्याच शिपायांनी उत्तर बर्मा परत घेतला. मिचिनाचा विमानतळ 17 मे 1944 ला हाती आला, शहर मात्र 3 ऑगस्टला. अमेरिकी तुकड्या होत्याच, पण वेढ्यातलं बहुतेक पायदळ चिनी होतं.

आता हकालपट्टी. 19 सप्टेंबर 1944 ला अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टचा चँगसाठी कडक संदेश आला: सगळ्या चिनी फौजांचं नेतृत्व स्टिलवेलकडे द्या. रूझवेल्टचा दूत हर्लीने तो जरा सौम्य करून सांगू म्हटलं. स्टिलवेलने ऐकलं नाही, मजकूर जसाच्या तसा दिला. चँग ‘समजलं’ एवढंच म्हणाला आणि पाय हलवत गप्प बसला, असं स्टिलवेलनेच डायरीत लिहिलंय. त्याच डायरीत तो चँगला ‘शेंगदाणा’ म्हणायचा. परक्या देशाच्या प्रमुखाला लोकांदेखत असं खाली पाहायला लावल्यावर त्याने परत पाठवा म्हटलं, यात कट कसला? ऑक्टोबरात स्टिलवेल गेला.

पुढे जानेवारी 1945 मध्ये आसामातल्या लेडोहून निघालेला रस्ता चीनला जोडला गेला, तेव्हा त्याला स्टिलवेलचं नाव दिलं ते चँगनेच.