सेटिंग टिकत नाही? मग ते चुकीच्या जागी केलं असणार

कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला. त्यातला एक आमच्याच प्राचार्यांकडून, वर फक्त ‘हे बघा’ एवढं लिहून. मजकूर थोडक्यात असा: डिस्कलेस लॅब (मशीनमध्ये डिस्क नाही, सगळी सिस्टम नेटवर्कवरून एका सर्व्हरकडून येते) ही जुन्या जमान्यातली काटकसर आहे, तिच्या नादी लागू नका. क्लायंट, म्हणजे मुलांसमोरची मशीन, नुसते पडदे असतात, सगळा भार सर्व्हरवर. क्लायंटवर केलेलं सेटिंग टिकत नाही. सर्व्हरवर जी सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) चालू, तीच सगळ्यांवर, एखादं मशीन वेगळं ठेवता येत नाही. नेटवर्क पुरत नाही. सर्व्हर बसला की लॅब बसली. आणि हे सगळं काळ्या पडद्यावर टाइप करून करायचं, ते कोण करणार? त्यापेक्षा प्रत्येक मशीनला एसएसडी टाका आणि मोकळे व्हा.

मी तालुक्याच्या गावी 24 मशीनची डिस्कलेस लॅब चालवतो. सर्व्हरवर डेबियन ही लिनक्स सिस्टम, त्यावर एलटीएसपी, म्हणजे नेटवर्कवरून मशीन उठवणारी प्रणाली. फॉरवर्ड सगळाच खोटा असता तर उत्तर द्यायला बसलो नसतो. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यामागे कुणाचा तरी खरा मनस्ताप आहे. निदान मात्र चुकलंय. म्हणून एकेक वाक्य घेतो. कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन.

‘क्लायंट म्हणजे नुसते पडदे.’

हे वर्णन थिन क्लायंटचं आहे. तिथे प्रोग्राम सर्व्हरवर चालतो आणि समोरच्या मशीनवर फक्त त्याचं चित्र येतं. 1999 मध्ये एलटीएसपी सुरू झाली ती याच पद्धतीने, कारण तेव्हाच्या जुन्यापान्या मशीनना दुसरं काही झेपत नव्हतं. डिस्कलेसचं तसं नाही. मशीन चालू केलं की नेटवर्क कार्ड पीएक्सईने (नेटवर्कवरून बूट करायची पद्धत) स्वतःचा पत्ता विचारून घेतं, टीएफटीपीवरून (फाइल आणायची साधी पद्धत) बूटलोडर उचलतं, मग कर्नल (सिस्टमचा गाभा) येतो, आणि शेवटी एनएफएसवरून (दुसऱ्या मशीनवरचे फोल्डर नेटवर्कवरून वापरायची सोय) एक इमेज फाइल, म्हणजे एका फाइलीत बांधलेली सगळी सिस्टम, रूट (सगळ्यात वरचा फोल्डर) म्हणून जोडली जाते. तिथून पुढे प्रोसेसर क्लायंटचा, रॅम क्लायंटची. मुलाने फायरफॉक्सचे वीस टॅब उघडले तर दम त्याच्याच मशीनला लागतो, शेजारच्याला कळतही नाही. 2019 मध्ये एलटीएसपी नव्याने लिहिली गेली, तेव्हापासून तिचा मुख्य रस्ता हाच आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने लॅब पाहिली असेलच, तर त्याच्या आधीची.

‘क्लायंटवर केलेलं सेटिंग टिकत नाही.’

बरोबर, टिकत नाही, आणि टिकूही नये. पण या वाक्यावर जरा थांबायला हवं, कारण डिस्कलेस लॅबबद्दलचे निम्मे गैरसमज इथूनच निघतात.

कोणता फोल्डर कुठून जोडलाय हे दाखवणारी ‘फाइंडमाउंट’ कमांड क्लायंटवर द्या. रूटसमोर ‘ओव्हरले’ असं दिसेल. म्हणजे दोन थर: खाली सर्व्हरवरची इमेज, जिच्यात काहीच लिहिता येत नाही, वर रॅममधला कोरा थर, जो वीज गेली की पुसला जातो. आता कुणी क्लायंटवर बसून सर्व्हिस हाताळणाऱ्या कमांडने ‘सिस्टमसीटीएल डिसेबल ब्लूटूथ’ केलं. ही कमांड करते काय? ईटीसी या सेटिंगच्या जागेतल्या फोल्डरमधला एक दुवा काढून टाकते. तो काढल्याची नोंद झाली वरच्या थरात. संध्याकाळी मशीन बंद, नोंद गेली, सकाळी ब्लूटूथ परत हजर. ‘स्टॉप’ म्हणजे आत्ता थांब, ‘डिसेबल’ म्हणजे पुढच्या वेळी उठू नकोस. डिस्कलेस क्लायंटला मागची वेळच आठवत नाही, तर पुढच्या वेळेचा निरोप तो ठेवणार कुठे?

तेव्हा कमांड देण्याआधी ती कुठे द्यायची हे ठरवावं लागतं. जागा तीन आहेत. एक, सर्व्हर स्वतः: तिथे डीएनएसमास्क (क्लायंटला बूट फाइली देणारी) आणि एनएफएस या सर्व्हिस नीट चालायला हव्यात, बाकी क्लायंटशी त्याचा संबंध नाही. दोन, इमेज: क्लायंटने उठताना काय उठवायचं हे इथे ठरतं. तीन, चालू असलेला क्लायंट: इथे फक्त आत्तापुरतं. एखाद्या मशीनचा आवाज अडकलाय, सर्व्हिस पुन्हा सुरू करून बघायचीय, एवढ्यासाठी ही जागा. फॉरवर्डची सगळी तक्रार ही दुसऱ्या जागेचं काम तिसऱ्या जागी केल्याची आहे.

दुसऱ्या जागी काम करायचे रस्ते सरळ आहेत. इमेजचं झाड (तिच्यातले सगळे फोल्डर आणि फाइली) सर्व्हरवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं असेल, तर ‘सिस्टमसीटीएल’ला ‘रूट’ हा पर्याय जोडून त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा आणि पुढे ‘डिसेबल’ किंवा ‘मास्क’. त्या झाडात शिरावंही लागत नाही, ते बूटही करावं लागत नाही. मग ‘एलटीएसपी इमेज’ देऊन नवी इमेज बांधायची. दुसरा रस्ता त्याहून हलका: एलटीएसपी डॉट कॉन्फ फाइलच्या ‘क्लायंट्स’ भागात ‘मास्क सिस्टम सर्व्हिसेस’ ही ओळ घालून सर्व्हिसची नावं लिहायची. इमेज पुन्हा बांधायला नको, फक्त ‘एलटीएसपी इनिटआरडी’ द्यायचं आणि क्लायंट रीस्टार्ट करायचे. इनिटआरडीचं विसरू नका. ती कॉन्फ फाइल क्लायंटकडे इनिटआरडीबरोबर, म्हणजे कर्नलसोबत येणाऱ्या सुरुवातीच्या फाइलीबरोबर जाते, आपोआप जात नाही. सुरुवातीला मी ओळ घालून 24 मशीन तीनदा रीस्टार्ट केली होती आणि सर्व्हरला मनातल्या मनात शिव्या देत बसलो होतो.

‘डिसेबल’ऐवजी ‘मास्क’ का, हेही सांगतो. डिसेबल केलेली सर्व्हिस दुसऱ्या एखाद्या सर्व्हिसला लागली तर ती तिला हाक मारून उठवते. मास्क केलेल्या सर्व्हिसचं नाव थेट डेव्ह नल या रिकाम्या खड्ड्याला जोडलेलं असतं. कुणी कितीही हाका मारल्या तरी उठायला तिथे काही नाही. हाताने इमेज बांधणाऱ्यांनी रोजच्या अपडेटच्या टायमरवर हाच उपाय करावा. तो क्लायंटवर चालू राहिला तर 24 मशीन तीच पॅकेजं 24 वेळा उतरवणार, रॅममध्ये भरून ठेवणार आणि संध्याकाळी फेकून देणार.

मुलांच्या फाइलींबद्दल कुणी विचारेल म्हणून: होम फोल्डर सर्व्हरवर असतो. तो टिकतो.

‘सर्व्हरवर जी सर्व्हिस, तीच सगळ्यांवर.’

या मुद्द्यापाशी मी स्वतः एकदा तोंडघशी पडलोय. एलटीएसपीत इमेज बांधायची एक सोपी रीत आहे: ‘एलटीएसपी इमेज’ पुढे नुसता तिरका दांडा द्यायचा, की सर्व्हरची स्वतःची सिस्टम हीच इमेज होते. वेगळं झाड सांभाळायला नको. मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी मी सर्व्हरवर मारियाडीबी (डेटाबेस चालवणारी सर्व्हिस) टाकलं, इमेज बांधली, आणि ते क्लायंटवरही सुरू होऊ दिलं. मुलांनी टेबलं तयार केली, क्वेऱ्या चालवल्या, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी एकाही मशीनवर एकही टेबल नाही. होणारच. डेटाबेसचा फोल्डर ‘व्हार’मध्ये, ‘व्हार’ ओव्हरलेमध्ये, ओव्हरले रॅममध्ये. चूक माझी होती, एलटीएसपीची नव्हे.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. क्लायंटसाठी मारियाडीबीला मास्क लावला. सर्व्हरवरचं मारियाडीबी डेबियनच्या रीतीप्रमाणे फक्त 127.0.0.1 वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनपुरतं, ऐकत होतं, त्याला लॅबच्या नेटवर्कवरचा पत्ता दिला. आता मुलं सर्व्हरच्याच डेटाबेसला जोडून घेतात, प्रत्येकाला आपापलं खातं. म्हणजे जी सर्व्हिस ‘सगळ्यांवर’ असते म्हणून तक्रार आहे, ती आमच्याकडे एकाच जागी आहे.

एखादं मशीन वेगळं ठेवायचं तर त्याच कॉन्फ फाइलमध्ये त्याच्या नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता चौकटी कंसात लिहून खाली त्याच्यापुरत्या ओळी घालता येतात. आमचं प्रिंटर जोडलेलं मशीन असंच वेगळं आहे. क्लायंटवर एरवी झाकली जाणारी एखादी सर्व्हिस, समजा दुरून लॉगिनसाठीची एसएसएच, चालू ठेवायची असेल तर ‘कीप सिस्टम सर्व्हिसेस’ ही उलटी ओळही आहे.

आणि ही सोय काल-परवाची नाही. 1980 च्या दशकात सन या कंपनीची 3/50 मशीन 4 एमबी मेमरीवर बिनाडिस्कची चालायची. सनच्या रचनेत ‘यूएसआर’ सगळ्यांना एकच असे, पण प्रत्येक क्लायंटला सर्व्हरवर ‘एक्सपोर्ट रूट’खाली त्याच्या नावाचा स्वतंत्र रूट फोल्डर आणि वेगळी स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची जागा) मिळे. सनच्याच सोलॅरिस 9 या ऑपरेटिंग सिस्टममध्ये यासाठी दोन कमांड होत्या: क्लायंटना लागणारी ओएस सर्व्हरवर ठेवणं, तिची यादी पाहणं, तिला पॅच लावणं, ती काढणं हे ‘एसएमओएससर्व्हिस’चं काम; क्लायंट जोडणं आणि काढणं हे ‘एसएमडिस्कलेस’चं. सामायिक काय आणि ज्याचं त्याचं काय, ही वाटणी तेव्हाही कमांडने होत होती.

‘नेटवर्क पुरत नाही.’

हिशेब करू. समजा एका क्लायंटने उठताना 300 एमबी वाचले. 24 क्लायंटचे झाले 7,200. सर्व्हरची केबल गिगाबिट असेल तर सेकंदाला साधारण 110 एमबी जातात. म्हणजे सगळी लॅब एकदम चालू केली तरी मिनिटभर, थोडं इकडेतिकडे. तीच केबल 100 मेगाबिटवर असेल तर दहा मिनिटं. सर्व्हरच्या डिस्कची इथे फारशी परीक्षा नसते, कारण पहिल्या क्लायंटने वाचलेले भाग सर्व्हरच्या रॅममध्येच राहतात.

तेव्हा ‘पुरत नाही’ म्हणणाऱ्याने आधी सर्व्हरवर ‘ईथटूल’ चालवून स्पीडची ओळ बघावी. आमच्याकडे एका सकाळी लॅब रांगायला लागली तेव्हा तिथे 1000 च्या जागी 100 दिसलं. उंदराने केबल कुरतडली होती. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, 100 ला दोन पुरतात; त्यामुळे तार तुटूनही नेटवर्क चालू होतं, नुसतं लंगडत.

‘सर्व्हर बसला की लॅब बसली.’

हे खरं आहे. यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही, तयारी आहे. इमेज ही एक फाइल आहे. ती आणि कॉन्फ फाइल दुसऱ्या एका मशीनवर ठेवलेली आहे, होम फोल्डरची प्रत रोज रात्री तिकडे जाते. गाडी अडली तर ते मशीन सर्व्हर म्हणून उभं करायचं. फॉरवर्डने एक बाजू मात्र सोडली. वीज गेली तर आमच्याकडे यूपीएस लागतो फक्त सर्व्हरला आणि स्विचला. क्लायंट धाडकन बंद झाले तरी त्यांच्याकडे बिघडायला फाइलसिस्टमच नाही. भारनियमनाच्या दिवसांत डिस्कवाल्या लॅबमध्ये वीज आल्यावर जे होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

‘काळ्या पडद्यावर टाइप करून कोण करणार?’

एका रविवारी आमच्या लॅबमधल्या मुलाचा फोन आला.

“सर, एकही मशीन उठत नाही. पीएक्सईवर अडकलीयत सगळी.”

“सर्व्हरवर सिस्टमसीटीएल स्टेटस डीएनएसमास्क टाक. काय म्हणतंय?”

“लाल अक्षरात फेल्ड.”

“खालच्या ओळी वाच.”

“ॲड्रेस ऑलरेडी इन यूज.”

आदल्या दिवशी कुणीतरी नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलसाठी सर्व्हरवर टीएफटीपीडी एचपीए, म्हणजे दुसरा एक टीएफटीपी सर्व्हर, टाकलं होतं. रीस्टार्ट झाल्यावर त्याने टीएफटीपीचं पोर्ट 69 आधी पकडलं आणि डीएनएसमास्क दाराबाहेर राहिलं. मी फोनवर दोन ओळी सांगितल्या, एक आगंतुकाला ‘डिसेबल’ आणि ‘नाऊ’ने कायमचं थांबवायची, दुसरी डीएनएसमास्क पुन्हा सुरू करायची. मी घरी, तो लॅबमध्ये, पाच मिनिटांत काम. हेच ‘वर उजवीकडे एक चाक दिसतंय का, त्यावर क्लिक कर, नाही, दुसरं चाक’ असं सांगून बघा.

रोजची कामंही मोजकीच आहेत. सर्व्हरवर अपडेट, मग ‘एलटीएसपी इमेज’, मग ‘एलटीएसपी इनिटआरडी’. जुनी इमेज ‘ओल्ड’ शेपटी लावून शेजारी राहते. नवी बिघडली तर नाव बदलून परत आणायची. एक पथ्य: लॅब चालू असताना लागोपाठ दोनदा इमेज बांधू नका. चालू क्लायंट पहिल्या वेळी ‘ओल्ड’वर तगून राहतात, दुसऱ्या वेळी ती फाइलच जाते आणि त्यांच्या पायाखालची सतरंजी निघते. आमच्याकडे हे सगळं एका पानावर लिहून भिंतीला चिकटवलंय. शिकवणाऱ्या मॅडम यातलं काहीच टाइप करत नाहीत. त्या एपोप्टिस हा लॅबवर नजर ठेवायचा प्रोग्राम उघडतात, 24 पडदे एकत्र बघतात आणि माउसनेच सगळी मशीन बंद करतात.

‘एसएसडी टाका आणि मोकळे व्हा.’

एसएसडी स्वस्त झाल्या, मान्य. मोकळं होणं तेवढं पटत नाही. 24 डिस्क म्हणजे 24 सिस्टम, आणि महिन्याभरात त्या एकमेकींना ओळखत नाहीत. जिथे डिस्क हवीच तिथे जरूर टाका: घरी न्यायच्या लॅपटॉपला, जड व्हिडिओ हाताळणाऱ्या मशीनला. आमच्याही लॅबमध्ये कोपऱ्यात व्हिडिओ संपादनाची दोन मशीन डिस्कवाली आहेत. त्यांच्या सर्व्हिस मी प्रत्येकासमोर खुर्ची ओढून, एकेक करून बघतो. त्या दोघांना लागणारा वेळ उरलेल्या 24 पेक्षा जास्त आहे.