कस्टमर वॉटर नॉट ओके

परवा माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच ओट्यावर कागद ठेवून मी एका वाक्याखाली सही केली: ‘कस्टमर वॉटर नॉट ओके’. आजवर माझ्या अक्षरावर, स्वभावावर आणि पार्किंगवर लोकांनी लेखी शेरे मारले आहेत. पाण्यावर कुणी मारला नव्हता. वर या शेऱ्याचे मी ५९० रुपये भरले. ५०० शेऱ्याचे आणि ९० त्यावरच्या जीएसटीचे.

प्रकार साधा होता. एस्प्रेसोचं मशीन घरघरायचं, थरथरायचं, कपात चार थेंब टाकायचं आणि नारिंगी दिवा लावून बसायचं. दिवा म्हणजे आत क्षार साठलेत, साफ करा. केलं. कंपनीच्याच बाटलीतल्या द्रावणानं, पुस्तिकेत लिहिलंय तस्संच. त्या बाटलीवर बारीक अक्षरात लॅक्टिक अ‍ॅसिड लिहिलेलं असतं, म्हणजे दही ज्यानं आंबट होतं तेच. किंमत बघता म्हैस मिलानची असावी. दिवा गेला नाही. मशीन वॉरंटीत होतं, म्हणून तक्रार नोंदवली.

आलेला मुलगा विशीतला, नम्र, पाठीवर सॅक. दारात बूट काढून आत आला, मशीनसमोर उभा राहिला आणि दोघंही एकमेकांकडे बघत राहिले.

‘सर, हे ज्यूसर आहे का?’

‘कॉफीचं मशीन आहे.’

‘हां. माझ्या कॉलवर नुसतं किचन अप्लायन्स आलंय.’ त्यानं समोरून, मागून, बाजूनं फोटो काढले. ‘चालू करा.’

केलं. पंप घरघरला. त्यानं मशीनला कान लावला आणि डोळे मिटले.

‘मोटर चालू आहे, सर.’

‘ते खालच्या मजल्यावरही कळतं. पाणी येत नाही.’

‘म्हणजे पाणी अडकलंय.’

‘हो.’

‘कुठं अडकलंय ते आतून बघावं लागेल.’

‘बघा ना.’

‘उघडायची परमिशन नाही ना, सर, आम्हाला.’

मग त्यानं सीनियरला व्हिडिओ कॉल लावला. सीनियर कुठल्यातरी लग्नात पंगतीला बसले होते. मागे सनई चालू. मुलानं फोन मशीनच्या तोंडापाशी धरला. सीनियरांनी पानावरून मान न उचलता फर्मावलं, ‘पाणी चेक कर.’ आणि मठ्ठा मागवला.

सॅकमधून पेनासारखं यंत्र निघालं. ते त्यानं नळाखालच्या पेल्यात बुडवलं. ‘७८०!’ दहावीचा निकाल सांगावा तशा आवाजात तो ओरडला. ‘सर, तुमचा टीडीएस ७८० आहे!’

टीडीएस म्हणजे पाण्यात एकूण किती काय विरघळलंय त्याचा आकडा. मी म्हटलं, हा पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. पाण्यात मीठ टाकलं तरी आकडा वाढेल. क्षार बसतात ते कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे, त्यासाठी कठीणपणा मोजावा लागतो.

‘बरोबर, सर. पण आकडा तर आलाय.’

‘बरं, मग आरओचं पाणी घालू?’

‘नको, नको! आरओचं फार प्युअर असतं. काही मशीनच्या सेन्सरला पाणी आहे हेच कळत नाही. आणि कॉफीला चव येत नाही म्हणतात.’

‘मग बाटलीचं?’

‘ते आरओचंच असतं, सर, बहुतेक.’

‘मग घालू काय?’

तो खरंच विचारात पडला. ‘दोन्ही मिक्स करा.’

इथं मला राग आला, कारण उत्तर बरोबर होतं. कॉफीवर जीव टाकणारी माणसं परदेशात हेच करतात, थोडं शुद्ध पाणी, थोडं साधं. पण ज्याला अजून समोरचं मशीन ज्यूसर नाही हे पूर्ण पटलेलं नाही, त्याच्याकडून ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

मी विचारलं, ‘कॉफी...’ आणि थांबलो, कारण कॉफी कुठून देणार?

‘चहा चालेल, सर. कॉफीनं मला अ‍ॅसिडिटी होते.’

चहा केला. त्यानं मन लावून प्यायला. ‘मस्त झालाय.’

‘याच पाण्याचा आहे.’

‘चहाला चालतं.’

त्यानं कागदावर तो शेरा लिहिला, मला सही करायला लावली आणि म्हणाला, ‘ओटीपी सांगा.’

‘अहो, काम कुठं झालंय?’

‘काम नाही, सर. व्हिजिट झाली. आणि पाच स्टार द्या बरं का, चार दिले तर आमचे पैसे कापतात.’

पाच दिले. पोराचा काय दोष? त्याला मशीन उघडायची परवानगी नाही आणि पंगतीतून उठायची सवड त्याच्या साहेबांना नाही. ‘चहाला चालतं’ मात्र डोक्यातून जात नाही. आम्ही पुण्याच्या कडेला, वाघोलीत राहतो. नळाला येतं ते थोडं बोअरचं, थोडं टँकरचं, आणि टँकर कुठल्या बोअरवर भरला ते ब्रह्मदेव जाणे. गिझरची कॉइल पांढरी होते, चालतं. केस गळतात, चालतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. या सवलतीवर आमची अख्खी सोसायटी उभी आहे. काही मैल पलीकडे खडकवासला धरणाचं मवाळ पाणी पिणारे पुणेकर आहेत. त्यांच्या मशीनचा दिवा नारिंगी होतो तो वर्षाकाठी, सणासुदीला. आम्ही ग्रामपंचायतीला कर भरला, मग महापालिकेला भरला, टँकरचे महिन्याला वेगळे भरतो, आणि कागदावर पाणी कुणाचं? कस्टमरचं! जसं काही मी ते गच्चीत पिकवतो.

मशीन बिचारं खरं बोलतं एवढंच. आत थर्मोब्लॉक म्हणून धातूचा ठोकळा, त्यात बोरूएवढीही नाही अशी वळणावळणाची नळी. पाणी तिथं नव्वदीच्या वर तापलं की विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि खडू भिंतीला चिकटतो. १९४८ साली मिलानच्या गाजिया या एस्प्रेसो मशीनवाल्यांनी तरफेची दांडी ओढून दाब वाढवला आणि कपावर सोनेरी फेस आणला. आज नऊ बारचा, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट दाब धरतात. पण समोर खडूची भिंत असेल तर नऊ काय नि नव्वद काय.

संध्याकाळी किराणा दुकानातून सायट्रिक अ‍ॅसिड आणलं, ढोकळ्यात घालतात ते. लिटरभर कोमट पाण्यात पंचवीसेक ग्रॅम. व्हिनेगर मुद्दाम नाही, त्याचा वास आठवडाभर कपात राहतो. थोडं ओढायचं, बंद करायचं, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं, पुन्हा ओढायचं. तिसऱ्या खेपेला पंपाचा आवाज बदलला. घरघर जाऊन गुणगुण आली आणि नळीतून करड्या रंगाचा गढूळ फवारा, त्यात तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे. मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या.

हात लागलाच होता म्हणून वरची, जिच्यातून पाणी कॉफीवर पडतं ती जाळीही काढली. एक स्क्रू. जाळीच्या मागे कॉफीच्या तेलाचा काळपट, चिकट थर, वास जुन्या शेंगदाण्याचा, खवट. हे अ‍ॅसिडनं जात नाही, त्याला वेगळी पावडर लागते. कडेचं रबरी वायसर तर दगड झालेलं. कंपनीकडे फोन केला. वायसर सुटं मिळत नाही म्हणे, त्याच्याबरोबर अख्खं हेड घ्यावं लागतं. शेवटी पेठेत कुकरच्या दुकानात माप देऊन आणलं. तीस रुपये.

आज सकाळी कंपनीतून पुन्हा फोन. आवाज गोड. ‘सर, आपली तक्रार समाधानकारकरीत्या सुटली, अभिनंदन! वॉरंटी संपत आलीय, वार्षिक देखभाल करार घेता का?’

‘त्यात काय काय येतं?’

‘सगळं येतं, सर. फक्त पाण्यामुळे होणारे प्रॉब्लेम सोडून.’