दोन फाटकांच्या मधली माणसं

सुट्टीच्या दिवशी कुत्र्याला घेऊन सगळ्यांनी मिळून बाहेर जायचं ठरतं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळं चित्र असतं. एकाला हिरवळ आणि तिच्यावर पसरलेली सतरंजी दिसते. मुलांना कुत्र्यामागे किंचाळत धावण्याची मोकळीक दिसते. आजोबांना झाडाखालचं बाक दिसतं. ज्याच्या नावावर ही सहल निघते त्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला खुंटीवरून पट्टा काढल्याचा आवाज तेवढा ऐकू आलेला असतो आणि तेवढ्यावर त्याने पायपुसण्याची वाट लावलेली असते.

मग फोनवर फोटो पाहून डॉग पार्क, म्हणजे कुत्र्यांना मोकळं सोडायची कुंपणाची जागा, निवडलं जातं. इथे पहिली चूक होते, कारण फोटोत हिरवळ दिसते आणि हिरवळीने भलेभले फसतात. माझं साधं गणित आहे: गवत गालिच्यासारखं लुसलुशीत असेल, तर एक तर पार्क कालच उघडलंय किंवा तिथे कुत्री येत नाहीत. जिथे रोज तीस-चाळीस कुत्री धावतात, तिथे फाटकासमोर गवताचं टक्कल पडतंच. टक्कल दिसलं की समजावं, जागा चालती आहे. ते टक्कल भर उन्हाळ्यातही चिखलाने भरलेलं असेल, तर पाण्याचा निचरा नाही हेही समजावं, आणि गाडीच्या सीटवर जुनी चादर घालूनच निघावं.

तसं पाहिलं तर हा पेच नवाच आहे. कुत्रा माणसाच्या दारात येऊन हजारो वर्षं झाली, पण त्याला पट्ट्याविना पळायला वेगळी कुंपणाची जागा द्यावी हे सुचायला फार उशीर लागला. अमेरिकेतलं पहिलं डॉग पार्क म्हणून ज्याचं नाव घेतात, ते कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं ओलोनी पार्क 1979 सालचं. म्हणजे ‘कुठल्या पार्कात जायचं’ या भांडणाला अजून पन्नासही वर्षं झालेली नाहीत. घराघरांतली त्याची प्रगती मात्र थक्क करणारी आहे.

पार्क पाहायला पहिल्यांदा कुत्र्याशिवाय जावं. ज्या वारी आणि ज्या वेळी न्यायचं आहे, त्याच वारी आणि त्याच वेळी. मंगळवारी दुपारी दोन म्हातारी कुत्री उन्हात पडलेली पाहून ‘किती शांत जागा आहे’ म्हणायचं आणि रविवारी संध्याकाळी सहाला जायचं, यात काही अर्थ नाही. कुंपणाबाहेर वीस मिनिटं नुसतं उभं राहावं. कुत्रा नसताना कुत्र्यांकडे टक लावून उभा असलेला माणूस जरा संशयास्पद दिसतो, हे कबूल. कोणी विचारलंच तर खरं कारण सांगावं. त्याने संशय वाढतो, पण माणसं दूर राहतात आणि नीट पाहता येतं.

पाहायचं सगळ्यात आधी काय, तर फाटक. चांगल्या पार्काला दोन फाटकं असतात आणि मध्ये छोटा कोंडवाडा. बाहेरचं उघडायचं, आत शिरायचं, ते लावायचं, कडी बसल्याचा आवाज ऐकायचा, मधल्या जागेत पट्टा सोडायचा आणि मगच आतलं उघडायचं. एका वेळी एकच फाटक उघडं. नियम इतका सोपा आहे की एकट्या माणसाला तो सहज जमतो. कुटुंबाला जमत नाही. कारण बाबागाडीचं एक चाक बाहेर अडकलेलं असतं, धाकट्याला बूट बांधून हवा असतो, आणि थोरली अतिशय चांगल्या वळणाची असल्यामुळे मागून येणाऱ्या काकांसाठी फाटक धरून उभी राहते. जगात सगळीकडे दार धरून ठेवणं हा सभ्यपणा आहे. इथे तो गुन्हा आहे. कुत्री पळतात ती सहसा भगदाडातून नव्हे, सभ्य माणसांच्या हातांखालून.

पट्टा त्या मधल्या जागेतच का सोडायचा, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ‘आधी जरा ओळख होऊ दे, मग सोडू’ म्हणून लोक पट्ट्यासकट आत जातात. पण आतली सगळी मोकळी असताना एकटाच बांधलेला कुत्रा पेचात सापडतो. त्याला मागे सरता येत नाही, बाजूने वळसा घालून हुंगता येत नाही, वर घाबरलेल्या मालकाने पट्टा ताणल्यामुळे मान वर आणि छाती पुढे, म्हणजे समोरच्याच्या भाषेत ‘ये, बघतोच तुला’. गरीब बिचाऱ्याच्या मनातही नसतं ते. पट्ट्याबरोबर हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, तोही काढावा, गळा आवळणारी साखळी आणि काटेरी पट्टा तर काढायलाच हवा. खेळता खेळता दुसऱ्याचा जबडा किंवा पाय त्यात अडकला की दोघंही घाबरतात आणि मग सोडवायला गेलेल्या तिसऱ्याच्या हाताचा बळी जातो. साधा सपाट गळपट्टा आणि त्यावर फोन नंबर, एवढं पुरे.

फाटक कुठे आहे तेही पाहावं. नवा कुत्रा आला की आतली सगळी स्वागताला धावतात. फाटक कोपऱ्यात असेल तर नवख्याला दोन बाजूंनी कुंपण आणि तिसऱ्या बाजूने आठ नाकं. असं झालं तर बाहेरच थांबावं, घोळका पांगला की शिरावं. आत गेल्यावर लगेच चालू पडावं. आपण हललो की कुत्रा हलतो, आणि हलणाऱ्याला घेरणं अवघड. पण कुटुंब आत शिरल्यावर पहिली गोष्ट काय करतं? फाटकातच उभं राहून फोटो काढतं.

कुंपण निदान चार फूट हवं, उड्या मारणारा गडी असेल तर पाच-सहा. वरची उंची सगळे बघतात, खालची फट कोणी बघत नाही. उकरायची सवय असलेल्या कुत्र्याला दहा मिनिटं आणि मालकाला एक फोन पुरतो. जागा एक एकर तरी असावी, आणि सपाट चौकोनापेक्षा झाडं, उंचवटे, वळणं असलेली बरी. नजरेआड व्हायला जागा असली की तणाव आपोआप निवळतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

लहान कुत्र्यांचा भाग वेगळा असेल तर तो वापरावा. मर्यादा साधारण दहा-बारा किलोंच्या आसपास असते. ‘आमचा छोटू मोठ्यांना भारी पडतो’ हे घरोघरचं वाक्य आहे, आणि पहिली पाच मिनिटं ते खरंही असतं. अडचण हिमतीची नाहीच. छोटं कुत्रं चिरक्या आवाजात किंचाळत पळालं की एरवी सज्जन असलेल्या मोठ्या कुत्र्याच्या डोक्यात खेळाच्या जागी शिकार सुरू होऊ शकते. त्या बदलाला क्षणही लागत नाही आणि त्यात वैर मुळीच नसतं. वजनातला फरकच घात करतो.

जमिनीचं म्हणाल, तर वाळू आणि लाकडाचा भुसा चिखलात बरा, बारीक खडी पंजांना त्रासदायक. डांबरी किंवा सिमेंटची वाट असेल तर हाताची मागची बाजू तिच्यावर सात सेकंद टेकवावी. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. आणि वाळलेल्या उंच गवतापासून सावध. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ना, कुत्र्याच्या पंजातलं खरं कुसळ काही दिसत नाही. त्याला उलटे काटे असतात, त्यामुळे ते एकदा घुसलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या मध्ये, कानात, नाकात. कुत्रा अचानक एका बाजूला मान वाकडी करून डोकं झटकू लागला किंवा एकच पंजा चाटत बसला, तर ‘दमला वाटतं’ म्हणू नये, डॉक्टरकडे न्यावं.

आत ठेवलेलं पाण्याचं सामाईक भांडं हा चोवीस तास उघडा असलेला संसर्ग. पाणी आणि वाडगं घरून न्यावं. साचलेल्या तळ्यावर हिरवा-निळा तवंग असेल तर त्यात उतरूही देऊ नये. ते शेवाळ विषारी असू शकतं. लसी पूर्ण नसलेलं चार महिन्यांखालचं पिल्लू आणि माजावर आलेली कुत्री घरी राहील. यावर चर्चा नाही.

आता माणसं. पार्क पाहताना मी कुत्र्यांपेक्षा माणसांकडे जास्त पाहायला सांगेन. सगळे एका जागी गोल करून गप्पा मारत असतील आणि पाठ मैदानाकडे असेल, तर पार्क कितीही सुंदर असो, परत फिरावं. त्या गोलातल्या एकाला हमखास माहीत नसतं की आपला कुत्रा कुठाय. हाक मारली की तो फोनमधून मान वर न करता म्हणतो, “तो काही करत नाही.” हे वाक्य ऐकलं की आपला कुत्रा कुठे आहे ते पाहावं, आणि मग त्याचा कुत्रा कुठे आहे ते.

खेळ आणि दादागिरी यांतला फरक ओळखायची युक्ती आहे. खेळात पाळी बदलते: आता हा मागे, मग तो मागे, एकदा हा खाली, एकदा तो. पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर केलं की ते ‘चल खेळू’चं आमंत्रण. शंका आलीच तर जो अंगावर जातोय त्याला हळूच धरावं. दुसरा परत त्याच्याकडे आला, तर खेळ चालू होता. तो संधी साधून बाकाखाली गेला, तर उत्तर मिळालं. आवाजाला घाबरू नये. गुरगुरत, भुंकत, लोळत कुस्ती चालते ती बहुधा ठीक असते. भीती शांततेची बाळगावी. तोंड मिटलेलं, अंग लाकडासारखं, शेपूट ताठ आणि नजर रोखलेली, अशी दोन कुत्री समोरासमोर दिसली की गप्पा तिथेच थांबवाव्यात आणि आपल्या कुत्र्याला हाक मारत दुसरीकडे चालू लागावं. भांडण जुंपलंच तर गळपट्ट्याकडे हात नेऊ नये. मोठा आवाज, पाण्याचा फवारा, आणि नाहीच ऐकलं तर दोन माणसांनी एकाच वेळी दोघांचे मागचे पाय धरून मागे ओढायचं. एकानेच ओढलं तर त्याचा कुत्रा फुकट मार खातो.

आता मुख्य दुखणं, म्हणजे सहल. सतरंजी आत न्यायची नाही. डबा आत न्यायचा नाही. आवडता चेंडूही नाही, कारण खाणं आणि खेळणं यांवरून एरवीचे मित्र क्षणात भाऊबंद होतात. लहान मुलाचं तोंड मोठ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, आणि धावणं, किंचाळणं, हात हलवणं या तिन्ही गोष्टी कुत्र्याला पाठलागाचं निमंत्रण वाटतात. मेंढ्या राखणाऱ्या जातीचा असेल तर तो मुलांच्या टाचांना चावे घेत त्यांचा कळप करून दाखवेल. त्याच्या परीने तो कामावर आलेला असतो. म्हणून साधारण आठ वर्षांखालच्यांना आत नेऊच नये, त्याहून मोठ्या मुलांनी चालायचं, धावायचं नाही, परक्या कुत्र्याला हात लावायचा नाही. थोडक्यात, ज्या ज्या गोष्टींसाठी घर निघालं होतं, त्या सगळ्यांना मनाई.

यातून एकच वाट मला दिसते: ज्या डॉग पार्काला लागूनच साधी बाग आहे, ते निवडावं. एका मोठ्या माणसाने कुत्र्याबरोबर आत जायचं, बाकीच्यांनी कुंपणापलीकडे सतरंजी टाकायची. आत कोण जाणार यावरून भांडण होतं, पण ते माणसांचं असतं आणि त्यात पाय धरून ओढावं लागत नाही. असं पार्क जवळपास नसेल तर मोकळं मैदान आणि दहा मीटरची लांब दोरी. ती मात्र हार्नेसलाच अडकवावी. धावत सुटलेल्या कुत्र्याला दोरी संपल्याचा हिसका मानेला बसता कामा नये.

वीस-तीस मिनिटं पुष्कळ झाली. ‘एवढ्या लांब आलोय तर दोन तास थांबू’ हा हिशोब पेट्रोलचा आहे, कुत्र्याचा नाही. तो दमला की लहान मुलासारखाच चिडचिडा होतो. या अर्ध्या तासात त्याला चार-पाचदा उगाचच बोलवावं, शाबासकी द्यावी आणि परत सोडावं. नाहीतर ‘ये’ या शब्दाचा अर्थ ‘चल घरी’ असा त्याच्या मनात पक्का होतो. मग निघायच्या वेळी घरातले सहा जण सहा सुरांत हाका मारतात आणि तो मैदानाच्या मधोमध, बरोबर हाताच्या अंतराबाहेर, शेपूट हलवत उभा राहतो. त्याच्या मागे धावू नये. तो धावण्यात आपल्यापेक्षा सरस आहे आणि त्याला हा खेळ सगळ्यांत जास्त आवडतो. पाठ फिरवून फाटकाकडे चालू लागावं. थोड्या वेळाने तो येतो. न आला तर अजून थोड्या वेळाने येतो.

परतताना ‘पाचच मिनिटं’ म्हणून त्याला बंद गाडीत ठेवून कुठे थांबू नये. बाहेर चोवीस अंश असले तरी दहा मिनिटांत आत चौतीस होतात. घरी पोचल्यावर पंजांची बोटं उघडून, कानांच्या मागे आणि काखेत बोटं फिरवून कुसळं नि गोचीड शोधावेत. हे काम चालू असताना तो घोरत असतो आणि मुलं फोनवर पुढच्या सुट्टीसाठी नवं पार्क शोधून आणतात. फोटोत हिरवळ फारच सुंदर असते.